निवड उद्या आहे

तैवानमधल्या सिन्चू शहराच्या नगरदेवाच्या देवळात रांगेत उभ्या असलेल्या यी-रूचे कान मागच्या मायलेकांकडे लागले होते.

"पो-यान, नाव, पत्ता, काम, सगळं देवाला नीट सांग हो. नाहीतर मागणं कुणाचं, ते त्याला कळायचं कसं?"

"चिपचं नाव नाही सांगता येत, आई. कंपनीला तसं लिहून दिलंय."

"आता देवापासूनही लपवायचं?"

"हळू बोल गं! समोरच्या कंपनीचं कुणी रांगेत असलं तर? त्यांनी किंमत पाडलीय. उद्या गिऱ्हाईक दोघांपैकी एकच प्रोसेसर निवडणार. आमचा हरला तर आमचा अख्खा गट घरी."

"पण वेगात तुमचाच पुढे ना रे?"

"तेच तर कळत नाही. झोप उडालीय माझी."

यी-रूच्या उदबत्तीची राख तिच्याच बोटांवर पडली.

"अगं पोरी, भाजलं का? तुझं काय मागणं?"

"आमच्याही प्रोसेसरचा उद्याच निकाल आहे, मावशी."

पो-यानचा चेहरा खर्रकन उतरला.

"बरं झालं. दोघांसाठीही मीच मागते."

"आई, निवडणार एकच!"

"ते तुमचं गिऱ्हाईक. देवाला कुठे एकच निवडायचाय? हं, पोरी, राहतेस कुठे, सांग बघू."

यी-रूने एकदा पो-यानकडे पाहिलं आणि हळू आवाजात पत्ता सांगितला.