सांडपाण्यावरचे चक्रवाक

साखर कारखान्याच्या फाट्यावर शिरूर कासारच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी गळ्यात दुर्बीण घातलेले एक गुरुजी आणि ऊसतोडीला आलेली एक बाई बोलत बसले होते.

"गुरुजी, सकाळधरनं त्या घाण पाण्याच्या तळ्यावर काय बघत होतात?"

"पाखरं मोजत होतो, बाई."

"वासानं आमाला भाकर जात न्हाई तिथं. ती कशी ऱ्हात्यात?"

"तलाव सगळे आटले. जातील कुठं?"

"ते बी खरंच हाय. ती तांबडी दोन-दोन हिंडत होती, ती कोणची?"

"चक्रवाक. लई लांबून येतात, जोडीनंच राहतात."

"मग वहीत जोडीला एक लिवलं का?"

"एक कसं? नर एक, मादी एक. दोन."

"मादीला येगळं धरता?"

"धरावंच लागतं. तुमची टोळी किती जणांची?"

"धा कोयते."

"म्हणजे वीस माणसं."

"मुकादम धाच मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता."

"हं."

"उद्या येणार का परत मोजायला?"

"येईन. का बरं?"

"आमच्या खोपी बी त्याच तळ्याकाठी हायेत. तुमच्या वहीत वीस लिवा."