मेव्हण्यानं बांधलेला हौदा

आमी मूळचे मिठागरातले. मिठागरं गेली, तिथं इमारती आल्या, आणि मी नवीन पनवेलच्या सोसायट्यांत झाडं छाटायला लागलो. मला बोलायची सवय कमीच, आज बोलतोय ते मेव्हण्यासाठी, जगूसाठी. तो मोरा बंदरावरचा, बापाबरोबर लाकडी होड्या बांधायचा, पन फायबरच्या होड्या आल्या नि हात रिकामे झाले, मग वेल्डिंग शिकला.

आता फांद्या टेंपोत भरल्या ना, काय सांगू तुमाला, निम्मी गाडी हवाच वाहते. म्हणून मी फांद्यांचा चुरा करणारं मशीन घेतलं, ते गाडीमागं ओढायचं, त्याच्या नळीतून चुरा गाडीत उडतो, आणि तो झेलायला माझ्या जुन्या टिपरवर, म्हंजे मागचा भाग उचलून माल ओतणाऱ्या गाडीवर, उंच, बंद हौदा पाहिजे. मी म्हटलं जगू, तू बांध. त्याचं पहिलंच मोठं काम. आणि काय काम केलं हो त्यानं! मशीनची हवा निघून जायला वर जाळी ठेवली, मागचा फाळका बोटानं ढकलला तरी फिरेल असा बसवला, सांध्यावरून तळवा फिरवायचा नि जरा खरखरलं की सगळं पुन्हा. एकच गोष्ट तो सांगत होता, भावोजी, हौदा मागं चार बोटं रुंद ठेवू, नायतर ओला चुरा दबून बसेल, उतरनार नाय. मी म्हटलं, मागं अरुंदच कर, रस्त्यात सांडला तर सोसायटीवाले बोंबलतील, आणि तू होडीवाला, गाडीतलं मला नको शिकवू. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं नि मी सांगितलं तसं केलं.

पहिली खेप तळोज्याजवळच्या नर्सरीत ओतायची होती. नारळ फोडला, छाटणीवाले सगळे बघायला जमले. हौदा वर गेला, अजून वर गेला, फाळका उघडा, आणि चुरा जागचा हलेना. मागं वजन अडकून पुढची चाकं उचलायला लागली तेव्हा जगूच ओरडला, खाली घ्या, खाली घ्या! कुनीतरी म्हणालं, अरे जगू, गाडी बांधलीस की मचवा, आता शीड पन लाव. सगळे हसले. मीपन हसलो. माप माझं होतं हे बोललो नाय.

दुसऱ्या दिवशी जगूनं ग्राइंडरनं हौदा चिरला, पट्ट्या घालून मागं रुंद केला, आणि तेव्हापासून चुरा एका दमात खाली येतो, फावडं लागत नाय. पन त्याचा हौदा अडकतो ही गोष्ट पसरली ती पसरली. पुन्हा कुनी त्याला हौद्याचं काम देईना, दुसऱ्याच्या वर्कशॉपात गेटं नि ग्रिलं करत बसला. बायको म्हणायची, माझ्या भावाचं नशीबच तसं, आणि मी खाली बघून भात कालवायचो.

परवा त्याच वर्कशॉपात गाडीचं बिजागर बघायला गेलो तर खोपोलीकडचा एक छाटणीवाला माझ्या हौद्याभोवती फिरला, म्हणाला अस्साच पाहिजे, पन त्या होडीवाल्याकडून नको, त्याचा अडकला होता ना. जगू चार हातांवर वेल्डिंग करत होता. मी म्हटलं, अडकवला मी. तो रुंद कर म्हणत होता, मीच ऐकलं नाय, आणि लोक हसले तेव्हा मीपन हसलो. सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं म्हटलं.

जगूनं तोंडावरची काच वर केली. म्हणाला, भावोजी, ठिणग्या उडतात, बाजूला व्हा. मग त्या माणसाकडं वळला, गाडी कुठली हाय तुमची, माप घ्यायला कदी येऊ?

ते काम आता चालू हाय. माझ्याशी तो अजून कामापुरतंच बोलतो, ते बरोबरच हाय. त्याच्या हाताला यश येवो, एवढंच.