काय कमी?

भाऊ : गोळी आणलीस ना?

ताई : आणलीय. पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते.

भाऊ : मग खिशात ठेव. अशी हातात धरून बसलीस तर आई विचारेल, कोण आजारी आहे म्हणून.

ताई : आहे कुठे ती?

भाऊ : मागे, नळावर. कालचं फडकं धुतेय, परत परत. ऊन ऊन चीज आत्ताच बांधून टांगलंय. निवळी गळून गेली की येईल ताट घेऊन.

ताई : दारातच वास आला मला.

भाऊ : आणि तोंडाला पाणी सुटलं असेल.

ताई : सुटलं. हसू नकोस. पोट नाही म्हणतं, पण जिभेला कोण सांगणार?

भाऊ : मी काय म्हणतो, आज मुरलेलं देऊ का? तळघरात जुन्या चीजचं अर्धं चाक आहे अजून. तूच म्हणाली होतीस, मुरलेल्यात ती दुधाची साखर उरत नाही.

ताई : जवळजवळ नाही. बरीचशी निवळीबरोबर जाते, राहिलेली जंतू खाऊन टाकतात. वर्षभर मुरल्यावर मला त्रास द्यायला काही शिल्लक राहत नाही. घरी मी तेच खाते.

भाऊ : मग झालं तर.

ताई : काय झालं? मागच्या महिन्यात दिलं होतंस की. 'हे गिऱ्हाइकाचं आहे, घरच्या माणसाला हे देतात का?' म्हणाली. मी ताजं नको म्हटलं, तर दिवसभर तिच्या लेखी नर्सबाई झाले. मी निघाले तर मला सांगते, उद्या दुसरी नर्स पाठवा, तुमचे हात गार आहेत.

भाऊ : रुमालात घे मग. मी तिला बोलण्यात गुंतवतो.

ताई : ती गळ्याकडे बघते रे. गिळेपर्यंत नजर हलत नाही. आयुष्यभर लोकांना चाखायला दिलं आणि तोंडं वाचली. तिला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

भाऊ : पण मागच्या खेपेला तू बस थांबवलीस.

ताई : ड्रायव्हर भला माणूस होता.

भाऊ : सगळी बसच भली होती म्हणायची. तू परत चढेपर्यंत थांबले सगळे.

ताई : खिडकीतून एका आजींनी पाण्याची बाटली दिली. जिवाला धोका नसतो त्यात. आतड्यात एक एन्झाइम असतं, माझं वयाबरोबर आटलं. पोट फुगतं, कळा येतात, पळावं लागतं, संपतं.

भाऊ : ऐकणाऱ्याला वाटेल, दुसऱ्याच कुणाचं पोट आहे.

ताई : दिवसभर प्रयोगशाळेत दुसऱ्यांचीच पोटं तपासते. सवय झालीय.

भाऊ : डॉक्टर काय म्हणाले ते सांग.

ताई : एवढ्या ताज्या चीजला गोळी पुरत नाही म्हणाले. एवढासा तुकडा खा, नाहीतर बंद करा. आता आईला सांग एवढासा दे म्हणून! मूठभर देते ती. आणि खरं सांगू? मलाही एवढासा खाता येत नाही. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर जाते. बिस्किटाच्या पुड्याची पाठ वाचल्याशिवाय पुडा फोडत नाही. लोक म्हणतात, इतकं आवडतं तर थोडं खा की. थोडं! या घरात वाढलेल्या माणसाला थोडं कसं खातात ते कुणी शिकवलंय?

भाऊ : तरी दर आठवड्याला येतेसच.

ताई : तुला ते आवडत नाही का?

भाऊ : नाही, तसं नाही. तुला आठवड्यातून एकदा आई मिळते. मला रोज दूध आणूनही मिळत नाही. दूध आणतो म्हणून मी दूधवाला. काल तिने माझ्याशी भाव केला.

ताई : काय म्हणालास?

भाऊ : कमी केला. काय म्हणणार? थांब, आली बघ.

आई : कोण बोलतंय आत? दूधवाले, तुम्ही अजून इथेच?

भाऊ : निघालोच, काकू.

आई : सकाळचं दूध पातळ होतं.

भाऊ : उद्या घट्ट आणतो.

आई : रोज हेच सांगता. आणि या कोण? बसा. चाखायला आलात का?

ताई : पहिला घास कुणाचा असतो?

आई : पहिला माझ्या मुलीचा. दुसऱ्या कुणाला देत नाही मी.

ताई : मग दे की.

आई : दे म्हणता? हात धुतलेत?

ताई : धुतले.

आई : उलटे करून दाखवा. हं. हे घ्या. ऊन आहे, जपून. लगेच चावू नका, जिभेवर फुटू द्या. घाई केली की चव निसटते. आता गिळा. हं. काय कमी?

ताई : मीठ.

आई : मीठ नंतर.

ताई : नंतर म्हणजे मी झोपल्यावर.

आई : अगं चिचुंद्रे! कधी आलीस? आणि हे डोक्यावर काय, पीठ सांडलं का?

ताई : केस पिकलेत, आई.

आई : इतक्यात? काळजी करत असशील कसली तरी. जेवत नाहीस वेळेवर. बघ, मनगट बघ कसं झालंय. घे, आणखी घे. बोटं चाट.

भाऊ : काकू, पुरे झालं त्यांना.

आई : दूधवाले, तुम्ही मध्ये पडू नका. आमचं मायलेकींचं चाललंय. लहानपणी ही फडक्याखाली तोंड धरून उभी राहायची, माहितेय? निवळी नाकात जायची, तरी हलायची नाही. म्हणून चिचुंद्री. हो की नाही ग?

ताई : हो. तू माझी वेणी ओढून बाजूला करायचीस.

आई : नाहीतर टांगलेलं सगळं फस्त केलं असतंस. कसं झालंय आजचं?

ताई : फार छान झालंय. आई, खरंच फार छान.

आई : माहितेय मला. आणखी घे.

(तासाभराने. साचे धुऊन पुसून उपडे ठेवले आहेत.)

भाऊ : ताई, चेहरा पांढरा पडलाय तुझा. आत जाऊन पड जरा.

ताई : हळू बोल. ती खुशीत आहे, बघ.

भाऊ : घाम पूस तरी.

आई : काय कुजबुज चाललीय? पोटावर हात का ठेवलाय?

ताई : काही नाही, आई. असाच.

आई : असाच कुणी ठेवत नाही. वाकून बसलायत तुम्ही. दुखतंय का?

ताई : आई, मी चिचुंद्री. मीठ नंतर. आत्ताच बोललो ना आपण?

आई : चिचुंद्रीचं पोट नाही दुखत कधी. दगड पचवेल ती. बाई, तुम्हाला हे सोसत नाही का?

भाऊ : काकू, या तुमच्याच—

ताई : राहू दे.

आई : विचारतेय मी. सोसत नाही?

ताई : नाही सोसत.

आई : मग खाल्लंत कशाला? मला वाईट वाटेल म्हणून?

ताई : आवडतं मला. लहानपणापासून.

आई : अरेरे. आवडतं आणि सोसत नाही, वाईटच की हो. पण असं जिवावर उदार होऊन खाऊ नये. मी काही रागावले नसते. पुढच्या वेळी सरळ नको म्हणा.

ताई : नको म्हटलं तर बसू द्याल इथे?

आई : का नाही? बसा की. चहा देईन, बिनदुधाचा. आता गरम पाणी घ्या आधी, घोट घोट. दूधवाले, बघत काय उभे राहिलात? यांना बसपर्यंत सोडून या.

भाऊ : सोडतो, काकू.

आई : आणि ते ताट इकडे द्या. उरलंय ते झाकून ठेवते. हात लावू नका हं कुणी, माझ्या मुलीचं आहे. आज उशीर केला तिने.

ताई : येईल ती.

आई : यायलाच हवी. आली की विचारीन, काय कमी.

ताई : मीठ म्हणेल.

आई : अगदी बरोबर! तुम्ही ओळखता वाटतं तिला?

ताई : थोडीफार.

आई : मग वाटेत भेटली तर सांगा, लवकर ये म्हणावं. गार झालं की मजा जाते.