टपाला खळ

(कऱ्हाटी. सकाळ. पत्र्याच्या शेडात वरातीला भाड्यानं जाणारी उघडी गाडी. तिचं कापडी टप मागच्या सीटच्या पाठीमागं घडी होऊन पडलंय. बिरू आबा, त्यांचा मुलगा इंद्रजित आणि गाडीत बसलेली नात प्रतिक्षा.)

इंद्रजित : अन् हे पांढरं काय फासलंय, आबा? बाटली देऊन गेलो होतो ना मी? मऊ ब्रशनं टप धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग वॉटरप्रूफचा फवारा. एवढंच तर होतं!

बिरू आबा : धुतलं की. पर त्या बाटलीला रॉकेलावानी वास. म्हनलं, नवरा-नवरी बसायची गाडीत. मग खळ दिली.

इंद्रजित : कसली खळ?

बिरू आबा : चिचुक्याची. शिजवून, वाटून. घोंगड्याला देतो तशी. जल्म गेला मेंढरामागं, पावसाचं टिपूस अंगाला लागलं न्हाय कधी.

प्रतिक्षा : पप्पा, बघा ना! मी नवरी झालीय. अश्शी टेकून बसलीय.

इंद्रजित : बस बाळा, बस. अहो आबा, हे काय घोंगडं हाय व्हय? संध्याकाळी बारामतीत वरात हाय, अन् आभाळ बघा कसं आलंय. नवरीच्या डोक्यावर पाणी गळलं, तर पुन्हा कोण बोलवंल मला? लोणी देवकरच्या कंपनीतली नोकरी सोडलीय मी ह्या गाडीपायी!

बिरू आबा : वरडू नगं. पुसून काढू दोघं.

इंद्रजित : आणि हे? घडीच्या कडंला कुरतडलंय की!

बिरू आबा : उंदरं. खळीच्या वासानं आली आसतील. घोंगडं आमी दांडीवर टाकतो, वल्या खळीवर घडी घालत न्हाय. हितं घातली. तितंच चुकलं माजं.

इंद्रजित : अजून आत असतील?

बिरू आबा : लई खुडबुड व्हती. काल सांजंपासनं गप हाय.

इंद्रजित : सुटलो. गेली म्हणायची.

बिरू आबा : खायाचं टाकून उंदीर कशाला जाईल?

इंद्रजित : मांजरानं धरली असतील.

बिरू आबा : मांजर कालधरनं शेडात पाय ठिवंना. दूध घातलं, तसंच पडलंय.

इंद्रजित : आबा... असं काय बघताय?

बिरू आबा : पोर कशाला टेकलीय?

इंद्रजित : टपाला. मागं, घडीला... प्रतिक्षा!

बिरू आबा : वरडू नगं म्हनलं ना! हाय तितंच ऱ्हा. गाडीला धक्का लागाय नगं.

प्रतिक्षा : आबा, आईनं गाडीत कुकर लावलाय का? माझ्या मागं फुसफुसतोय.

इंद्रजित : घोणस... आबा, माझी पोर ओ...

बिरू आबा : गप. खुंटीवरलं घोंगडं दे माज्या हातात. सावकाश.

प्रतिक्षा : मी बघू का मागं?

बिरू आबा : न्हाय गं माजे बाय. नवरी कुठं मागं बघती व्हय? मान हलवू नगं. माज्याकडं बघ. निसतं माज्याकडं.