झटके बघणाऱ्यांनाच दिसतात

नाही नाही, वायरींना हात लावू नका, वायरींचं मी बघितलंय — प्रत्येक वायरीला चिठ्ठी आहे बघा, ही माइकची, ही पडद्याची, ही टेबलफॅनची, अक्षर माझंच. बावीस वर्षं हाच दुरुस्तीचा धंदा करतोय. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर. येताना कोपऱ्यावर पिवळी पाटी दिसली असेल तुम्हाला, ते माझं दुकान. तिनं सांगितलं नाही? नाही? म्हणजे नवरा याच कामातला आहे हे सांगायचं राहिलं. राहतं माणसाचं. घाईत असते ती. चष्मा आणायला गेलीय, येईल अर्ध्या तासात — बसा ना, त्या खुर्चीत नको, ती तिची खुर्ची — बरं, बसलात तर बसा आता.

तर व्हिडिओ अडकतोय. खेळताना नाही हं, तिला खेळताना काहीच दिसत नाही, तिच्यासमोर सगळं लोण्यासारखं चालतं. झटके फक्त बघणाऱ्यांना दिसतात. हो, बघणारे. आमची ही ट्रक चालवते. कॉम्प्युटरवर. हसू नका, मीही आधी हसलो होतो — मुलगी होस्टेलला गेली, जाताना तिचं हे मशीन आईला देऊन गेली, म्हटली आई, तुला करमणूक. मला वाटलं ही पत्ते खेळेल. तर ही अठरा चाकी ट्रक घेऊन निघाली, बर्फातून, घाटातून, आणि मागे लावलेला तो लांबडा डबा उलटा घेत घेत गोदामाच्या दारात असा बसवते की सुई-दोरा. आणि हे सगळं लोक इंटरनेटवर थेट बघतात. किती? पहिल्या महिन्यात चार. त्यातले दोन मुलीच्या मैत्रिणी, एक मी. आता सहाशे. सहाशे माणसं दुपारी जेवून माझ्या बायकोला ट्रक मागे घेताना बघतात. माझ्या दुकानात बावीस वर्षांत एका वेळी सहा माणसं आली नाहीत, आणि आली ती एकदाच, बाहेर गारा पडत होत्या म्हणून.

इंटरनेट? बघा की, बघा, तपासा. पण ते नाही. मी सांगतो, भिंतीला ओल आहे. ओलीनं होतं असं. तुम्ही लहान आहात धंद्यात, तुम्हाला माहीत नसेल — माझ्याकडे एक प्रिंटर आला होता, सासूबाई घरात असल्या की कागद अडकायचा, गावाला गेल्या की धडाधड छापायचा. तीनदा खोलला. शेवटी काय निघालं? त्या ज्या फरशीवर खुर्ची टाकायच्या ती फरशी एका बाजूनं दबायची, टेबल कलायचं. केसाएवढं. शपथेवर सांगतो. बरं, दोन केस. सांगायचा मुद्दा, कारण मशीनमध्येच असतं असं नाही. म्हणून म्हणतो, तुम्ही इंटरनेट बघा, डिस्क बघा, आणि सापडलं नाही म्हणून सांगा. त्यात कमीपणा नाही. मलाही नाही सापडलं.

किती दिवस? झाले तीन आठवडे. कळलं कसं? तिला कुठलं कळतंय — त्या निळ्या ट्रकवाल्यानं सांगितलं. कोण म्हणजे? तिच्याबरोबर खेळतो एक. ती पुढे, तो मागे, नाहीतर तो पुढे, ती मागे. नाव मला माहीत नाही, ट्रक निळा आहे एवढं माहीत आहे, आणि आवाज — आवाज जाड आहे, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यासारखा. भिंतीतून ऐकू येतो. मी दुपारी जेवायला घरी येतो, पलीकडच्या खोलीत माझं ताट झाकलेलं असतं, आणि इकडे तो म्हणतो, ‘ताई, वळणावर सावकाश घ्या.’ ताई म्हणतो, हो, ताईच म्हणतो. पण कशा आवाजात म्हणतो ते ऐकायला पाहिजे तुम्ही. आणि ही हसते. काय हसते — वळणावर सावकाश घ्या यात हसण्यासारखं काय आहे? मी काल म्हटलं, जिन्यावरून सावकाश उतर. हसली? नाही. म्हणाली, मला दिसतोय जिना.

ते कशाला उघडताय? तिकडे नुसत्या सेटिंग आहेत. तिकडे काही नसतं. मी बघितलंय ते — बघितलं म्हणजे वरवर. अहो, खेळ छान चालतोय, मग ग्राफिक्स कार्ड ठीक आहे, इथवर बरोबर. चित्रं आवळून बाहेर पाठवण्याचं काम कोण करतंय हे बघायचं, तेही बरोबर, मीही असंच — हो, प्रोसेसर करतोय. दिसतंय मला. आणि ‘सर्वात सावकाश’ वर ठेवलंय, म्हणजे एकेका चित्रावर जास्तीत जास्त मेहनत, तेही दिसतंय. त्यामुळे तो गुदमरतो आणि मधली मधली चित्रं टाकून देतो, मला शिकवू नका. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये, सेटिंगच्या जुन्या संचात, ते काम कार्डकडे आहे, म्हणजे पूर्वी बरोबर होतं, म्हणजे कोणीतरी नवं प्रोफाइल बनवून हे बदललं. बनवलं असेल तिनंच. बायका काहीही दाबतात. नाव? नाव काय आहे त्याचं?

वाचलंत का. मोठ्यानं वाचायची गरज नव्हती.

सवय हो. वायरीला चिठ्ठी, स्क्रूला डबी, बदल केला की नाव आणि तारीख — बावीस वर्षं गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये असंच करतोय, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं कोणी काय केलं. चोरी करतानाही हात तसाच चालला. ‘निळा ट्रक’, खाली तारीख. आता पुढचा माणूस तुम्ही निघालात.

गुरुवार होता. ती बहिणीकडे गेली होती. मी बसलो, याच खुर्चीत, दोन मिनिटांचं काम. मला काय वाटलं सांगतो — तिला तर झटके दिसणार नाहीत, मग वाईट वाटायचं काय? सहाशे जणांना दिसतील, कंटाळतील, जातील. तोही जाईल. किती गेले? कोणी गेलं नाही. वर सगळे तिला धीर द्यायला लागले. तो तर रोज नवा उपाय सांगतो, ताई, हे करून बघा, ताई, ते करून बघा. पण एक झालं. एक चांगलं झालं. ती मला हाक मारायला लागली. ‘अहो, जरा इकडे येता का?’ — मी जेवण टाकून यायचो. शेजारी स्टूल घेऊन बसायचो. ती म्हणायची, हे बघा ना, आणि मी बघायचो, आणि हे बदल, ते बदल, असं म्हणत तासभर. चहा इथेच यायचा, दोन कप. त्याआधी दोन महिन्यांत तिनं मला एकदाही हाक मारली नव्हती साहेब, सिलिंडर बदलायलासुद्धा नाही, स्वतः बदलते. आणि झटके सुरू झाल्यावर रोज. आता तुम्हीच सांगा, असं मशीन कोण दुरुस्त करेल?

पण हाकाही कमी झाल्या. मागच्या आठवड्यात म्हणाली, जाऊ द्या, तुम्हाला नाही जमत. मला. नाही जमत. आणि परवा तुम्हाला फोन.

म्हणून विनंती आहे. तुम्ही हे प्रोफाइल पाहिलं नाही. असंच राहू द्या, काहीतरी सांगा, ओल सांगा, नाहीतर राहू दे, तुम्हाला पटेल ते सांगा. एक रविवार जाऊ द्या. रविवारी त्यांचा बारा तासांचा प्रवास आहे, चाळीस ट्रक एका रांगेत, आणि पहिले दोन ट्रक कोणाचे हे काय सांगायला पाहिजे? बारा तास तो आवाज माझ्या भिंतीतून. झटके राहिले तर तिला पुढे घेणार नाहीत. संपलं. मग पुन्हा आपलं —

काय?

तुम्हाला फोनवर म्हणाली? असं म्हणाली? शनिवारपर्यंत झालं नाही तर त्याच्याकडे — त्याच्या घरी? त्याच्याकडे दोन मशीन आहेत. शेजारी शेजारी. बारा तास. आणि हे तुम्ही मला आता सांगताय, मी एवढा वेळ ओलीचं काय सांगत बसलोय. मग हात काय बांधून बसलात? बदला. ते जुनं प्रोफाइल घ्या. चालू करा. नाही, थांबा, खेळाची चित्रं सेकंदाला साठावर बांधा, नाहीतर खेळच सगळं कार्ड खाऊन टाकेल आणि पाठवायला जागा उरणार नाही — हां, तिथे. आता एक मिनिट रेकॉर्ड करा. ट्रक हलवा थोडा. माझ्यासारखा नका हलवू, नीट हलवा. लावा आता ते. बघू.

नाही. एक झटका नाही. सुरेख चाललंय. झाडं कशी सरकतायत बघा.

आता ऐका. तुम्ही केलं असं म्हटलंत तर पुढच्या वेळी ती तुम्हालाच फोन करेल. तेही नको मला. तो आवाज वेगळा आणि तुम्ही वेगळे, पण हाक गेली ती गेलीच ना. तेव्हा मी केलं. तुम्ही आलात, बघितलंत, तुम्हाला जमेना, मी स्टूल ओढलं आणि केलं. ठरलं? ठरलं म्हणा. उठा तिच्या खुर्चीतून, मला बसू द्या. आणि ते नाव आधी पुसा, हां, पुसून टाका, नाहीतर राहू द्या, मी पुसतो, तुम्ही मागच्या दारानं — चप्पल पुढे राहिलीय? मग पुढच्यानं जा, पण आत्ता.

आलीच. जिना चढतेय, दोन दोन पायऱ्या, नवा चष्मा घालून. बसा. नाही, उठा. काय विचारलं तिनं? ‘सापडलं का?’ — हो ग, सापडलं, सापडलं, ते काय झालं होतं —

तुम्हाला विचारतेय ती. माझ्याकडे बघतही नाहीये. तुमच्याकडे बघून विचारतेय, दादा, काय झालं होतं नक्की.

थांबा. तुम्ही नका बोलू. तुम्ही निघा. मी सांगतो तिला.