पाच फुटी जॅक

जॅकचं नाव काढू नका माझ्यासमोर! जुनी जीप घेतली तेव्हा मी हौसेनं तिच्या मागच्या दाराला पाच फुटी जॅक बसवला. पण रस्त्याला लागलं की त्याची नुसती खडखड. चिंचोळी एमआयडीसीतल्या रफिकभाई वेल्डरकडं जीप सोडली आणि म्हटलं, “भाई, काहीही करा, पण हा आवाज बंद करा.” संध्याकाळी आणायला गेलो, तर आवाज गायब! वर काळा रंगही मारून दिलेला. मी खूश.

सासरे मात्र या जीपवर पहिल्यापासून नाराज. रविवारी त्यांना मुद्दाम कुंभारीकडं शेतात घेऊन निघालो. वाटेत ऐटीत सांगितलं, “मामा, मागचा जॅक अख्खी जीप उचलतो!”

पुढच्याच वळणावर चाक काळ्या मातीच्या चिखलात रुतलं. जॅक काढायला गेलो, तर तो हलेना. रंग खरवडला, तर खाली वेल्डिंग!

रफिकभाईंना फोन लावला. “भाई, जॅक दाराला वेल्ड केलात?”

“अब आवाज आता क्या?”

“नाही येत.”

“फिर? पक्का काम किया ना!” आणि फोन बंद.

शेवटी शेजारच्या रानातल्या पाच जणांनी जीप ढकलून बाहेर काढली. सासरे तोवर बांधावरनं बघत होते. गाडीत बसताना म्हणाले, “जावईबापू, जॅक जीपला उचलतोय म्हणला की तुमी. हितं तर जीपच जॅकला उचलून हिंडतीय!”