निळं तीर्थ अन् प्लायवूडचा वाघ

...नाई, तुमीच सांगा, घराच्या मागं पन्नास पावलांवर जंगल, मागच्या महिन्यात बिबट्या आमच्या कुंपणावरून कोंबडी घेऊन गेला, अन् आमची रंजीता वहिनी म्हणते, "भाऊजी, बाळाच्या पह्यल्या वाढदिवसाले जंगल थीम करू." जंगल थीम. म्हणजे जंगलात राहणाऱ्या माणसानं बसनं चंद्रपूरले जायचं अन् जंगल विकत आणायचं. आणलं न मी. प्लास्टिकच्या वेली, प्लास्टिकची पानं अन् जिराफाचे फुगे. जन्म मोहर्लीत गेला माह्या, जिराफ कुठी पाह्यला नाई. बाळाच्या बापानं, माह्या धनराजदादानं, अंगणातल्या पळसाची खरी पानं तोडून आणली, तर वहिनी म्हणते, "ही नका लावू, ही जंगलासारखी दिसत नाई." तुमाले सांगतो, खरं पान हातात घेऊन उभा होतो मी, बोलायले पाहिजे होतं. अन् मी? मी आपला गप.

तसा मी पह्यलेपासून असाच. नववीत शाळा सोडली तेही कोणाले सांगितलं नाई, नुसतं जाणं बंद केलं, मायले दोन महिन्यांनी समजलं. आता रिसॉर्टात कामाले आहो. काम काय, तर पर्यटक जिप्सीतून उतरले की ट्रे घेऊन समोर उभं राह्यचं. वेलकम ड्रिंक. निळं सिरप, सोडा, लिंबू, पुदिना, अन् वरून कागदाची छत्री. बोलायचं काही नाई, नुसतं हासायचं, म्हणून तर नोकरी टिकली. पण त्या निळ्या पाण्यापायी घरात मी पार्टीचा मोठा जाणकार ठरलो. वहिनी म्हणते, "तेच निळं ठेवू." मले ताक म्हणायचं होतं. घशापर्यंत आलं होतं ताक...

आता वाढदिवस बाळाचा, पण खरी गोठ वेगळी होती. त्या दिवशी चंचलचे बाबा येणार होते, गुणवंतराव. चंचल जंगल सफारीच्या गेटवर गाईड आहे. वाघिणीचं अख्खं खानदान तोंडपाठ, तीन तास सांगत जाते पर्यटकांले. वर्ष झालं, ती त्यायले रिसॉर्टात सोडायले येते अन् मी ट्रे धरून उभा, अन् एका वर्षात एक शब्द बोललो नाई मी तिच्याशी. एकदा ग्लास दिला तर छत्री तिच्या बुटावर पाडली. मायनंच कसंतरी जमवलं. वाढदिवसाच्या नावानं येतीन, पोट्टा पाहतीन, पसंत पडला तर ठीक, नाई तर केक खाऊन जातीन. माय म्हणे, "भूपेश, तू एकच कर बाप्पा. तोंड उघड."

अन् वहिनीले दारात वाघ पाहिजे होता. रिसॉर्टात एक जुना प्लायवूडचा वाघ आहे, माणसाएवढा, पर्यटक त्याच्या बाजूनं उभे राहून फोटो काढते. डाव्या कानाचा तुकडा उडालेला. मॅनेजरले विचारलं मी, म्हणजे नुसता वाघाजवळ जाऊन उभा राह्यलो, तोच समजला. म्हणते, "ले जा, पण सोमवारी सकाळी परत पाहिजे." आणला ट्रॅक्टरवर अन् ठेवला फाटकाजवळ, कडूनिंबाखाली. इथी चुकलं. आमच्या भागात झाडाखाली वाघ दिसला का तो वाघोबा. गुराखी काय, मोहफूल वेचणाऱ्या बाया काय, त्याले हात जोडल्याशिवाय कोणी जंगलात पाय टाकत नाई. हे मले माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मी थीमच्या घाईत होतो न.

पार्टी दुपारी तीनची, कारण आमच्याकडं दिवस मावळायच्या आत माणूस घरात पाहिजे. सगळ्यात आधी शेजारची रुखमाआजी आली. वाघ पाह्यला, चप्पल काढली. म्हणते, "बरं केलं रे पोट्टेहो, वाघोबा बसवला. कवाची म्हणत होती मी." अन् घरी गेली, शेंदूर आणला, तेलात कालवला, अन् माह्या डोळ्यांदेखत मॅनेजरच्या वाघाले थापला. नाकापासून शेपटीपर्यंत. मी पुढं झालो, तोंड उघडलं, खरंच उघडलं, तर आजीनं तेच बोट माह्या कपाळाले लावलं. अन् मी? मी आपला गप.

मंग काय, मागून जो येते तो चप्पल काढते. गिफ्टा राह्यल्या पिशवीत, जो तो दुकानात पळून नारळ आणून राह्यला. सात नारळ फुटले हो. केक आतमधी एकटा. वहिनी दारात मोबाईल धरून उभी, तिच्या थीमसमोर आरती सुरू, अन् वरून जिराफ पाहून राह्यला.

तेवढ्यात गुणवंतराव आले. पांढरा सदरा, पांढरे शुभ्र केस, मागं चंचल. त्यायनंही चप्पल काढली, नमस्कार केला, विचारलं, "कोणं बसवला?" दादा म्हणते, "भूपेशनं." सगळे माह्याकडं. आता काय बोलू? रिसॉर्टचा आहे म्हणू, कपाळाले शेंदूर लावून? अन् चंचल वाघाच्या डाव्या कानाकडं पाहून राह्यली. रोज त्याच वाघापुढून जाते न ती. कान पाह्यला, मंग मले पाह्यलं.

अशा वेळी माणूस काय करते? जे येते तेच करते. मी ट्रे उचलला. गुणवंतरावानं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, म्हणते, "मोरचुदाचं पाणी दिसते हे. कोणत्या पिकावर मारता?" संपलं. चाळीस माणसं ग्लास धरून उभी अन् पीत कोणी नाई. फवारणीच्या पंपात पाह्यलेला रंग तो, ग्लासात कसा चालीन? पोरगी द्यायले आलेल्या माणसाले मी फवारणी पाजून राह्यलो होतो. मायनं डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला.

तर रुखमाआजी म्हणते, "उष्टं नका करू, आधी देवाले दाखवा." एक ग्लास घेतला, छत्रीसकट वाघासमोर ठेवला, हात जोडले. आता समजलं का काय झालं? आता ते तीर्थ झालं. आता नाई म्हणायची सोय नाई, सगळ्यायनं घेतलं. गुणवंतरावानं डोळे मिटले, उजव्या तळव्यावर घेतलं, पेलं, अन् ओला हात डोक्यावरून फिरवला. पांढऱ्या शुभ्र केसांवरून. तुमाले सांगतो, मधातून निळा पट्टा. त्यायले दिसत नाई, बाकी सगळ्यायले दिसते, अन् हासत कोणी नाई, कारण तोंड उघडलं का ज्याची त्याची जीभ निळी.

अन् त्या निळ्या जिभेनं ते म्हणते, "गोड आहे. पोट्टा बोलत नाई, पण भाव आहे मनात. अशा घरी पोरगी द्यायले हरकत नाई."

मी ट्रे घेऊन हापशीवर पळालो. मागून चंचल. "तो कान तुटलेला तुमच्या रिसॉर्टचा न?" वर्षभर साठवलेलं सारं बळ लावून मी म्हणलं, "हो."

"मंग सांगा न बाबाले."

"सांगतो," म्हणलं, अन् निघालो खरंच. खोट्यावर लग्न कसं करावं माणसानं? जन्मात पह्यल्यांदा बोलायले निघालो होतो मी, अन् तिनं माह्या शर्टाची बाही धरली. म्हणते, "वर्षभर गप होते न? आणखी एक दिवस राहा."

सोमवारी मॅनेजरचा फोन. "भूपेश, वाघ कुठे आहे?" म्हणलं, "येत नाई, साहेब." "येत नाई म्हणजे?" म्हणलं, "बसला." गावानं चबुतरा बांधायले घेतला आहे त्याच्याखाली, आणू कसा? आता मॅनेजर जिप्श्याच आमच्या दारात पाठवते फोटोले, अन् रुखमाआजी शेंदूर लावल्याशिवाय एकाले सोडत नाई.

काल गुणवंतराव तारीख काढायले आले. केस अजून आकाशी आहे. म्हणते, लग्न वाघोबासमोर, अन् तीर्थ हेच, निळं, त्याले दुसरं चालत नाई. "काय जावईबापू, बरोबर आहे न?" दाराआडून चंचलचं बोट ओठावर, अन् मागून वहिनी, "भाऊजी, लग्नाची थीम..."

म्हणून चंद्रपूरले चाललो. निळं सिरप आणायचं आहे, पाच कॅन. तुमी अनोळखी, म्हणून स्टॉपवर एवढं बोललो. ते पाहा, बस येऊन राह्यली, खिडकीत आमच्या गावचे दोघं बसले आहे. त्यायच्यासमोर काही विचारू नका हो. मी आपला गप.